प्रश्नोत्तराचा तास आणि उत्तर आयर्लंड

लोकांनीं निवडून दिलेल्या सभासदाच्या हातीं जीं साधनें असतात, त्यांत प्रश्न हें दिसावयास सर्वांत लहान साधन आहे. ठराव संमत करावयाचा तर बहुमत लागतें. विधेयक मांडावयाचें तर कायद्याचे जाणकार लागतात. अंदाजपत्रक अडवावयाचें तर पाठीशीं पक्ष असावा लागतो. प्रश्नाला यांपैकीं कशाचीहि जरुरी नसते. एकटा सभासद उभा राहतो, अमुक गांवच्या दवाखान्यांत डॉक्टर कां नाहीं असें विचारतो, आणि सर्व सत्ता ज्याच्या मागें उभी आहे अशा मंत्र्याला उठून त्याला उत्तर द्यावें लागतें. तें उत्तर अपुरें असेल, टाळाटाळीचें असेल. परंतु तें द्यावें लागतें, छापलें जातें, आणि पुढें कधीं तरी त्याच मंत्र्यापुढें पुरावा म्हणून ठेवतां येतें.

परंतु हें साधन उपयोगी पडावयाचें तर एक गोष्ट आधीं ठरलेली असावी लागते. ती म्हणजे, प्रश्न कोणाला विचारावयाचा? जेथें एकच सरकार आहे तेथें ही अडचण येत नाहीं. पण जेव्हां वरिष्ठ पार्लमेंट कांहीं खातीं एखाद्या प्रांताच्या स्वाधीन करतें आणि बाकीचीं आपल्याकडे ठेवतें, तेव्हां एक दार सोडून दोन दारें होतात. नागरिकाचें गाऱ्हाणें या दोन दारांमध्यें अडकून पडण्याचा संभव उत्पन्न होतो. हा संभव प्रत्यक्षांत केवढा अनर्थ घडवूं शकतो, आणि त्यावर काय उपाय करतां येतो, हें उत्तर आयर्लंडच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांना ही व्यवस्था अगदींच अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटनें १९१९ सालीं हिंदुस्थानासाठीं सुधारणांचा कायदा केला आणि मुंबई इलाख्यांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण, आरोग्य वगैरे खातीं ‘सोपीव’ झालीं, पोलिस, जमीनमहसूल वगैरे ‘राखीव’ राहिलीं. लगेच पुढच्या वर्षीं त्याच पार्लमेंटनें आयर्लंडसाठीं कायदा केला. मुंबईच्या कौन्सिलांत प्रश्न विचारण्याचा हक्क तर पायरीपायरीनें मिळाला. १८९२ च्या कायद्यानें सभासदाला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तरावर पुन्हां कांहीं विचारण्याची सोय नव्हती. १९०९ सालीं मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच पुरवणी प्रश्नाची परवानगी मिळाली. आणि १९१९ नंतर ती इतर सभासदांनाहि मिळाली. छापील उत्तर वाचून दाखविणें सोपें असतें. त्यावर अचानक आलेल्या दुसऱ्या प्रश्नाला तोंड देणें अवघड असतें. म्हणूनच राज्यकर्त्यांनीं हा हक्क देतांना इतका काळ हात आखडता घेतला.

आयर्लंडसाठीं झालेल्या १९२० च्या कायद्यान्वयें त्या बेटाच्या ईशान्येकडील सहा परगण्यांचा एक स्वतंत्र प्रांत झाला. २२ जून १९२१ रोजीं राजे पांचवे जॉर्ज यांनीं बेलफास्टच्या नगरभवनांत त्याच्या पार्लमेंटचें उद्घाटन केलें. पुढें १९३२ सालीं शहराबाहेर स्टॉरमॉण्ट येथील टेकडीवर त्यासाठीं भव्य इमारत उभी राहिली, आणि इमारतीचें नांवच पार्लमेंटला पडलें. परराष्ट्रसंबंध, सैन्य, राजपद आणि मुख्य कर लंडनकडे राहिले. पोलिस, शाळा, स्थानिक स्वराज्य आणि घरबांधणी बेलफास्टकडे आली. प्रांताच्या लोकवस्तींत सुमारें दोनतृतीयांश प्रॉटेस्टंट व एकतृतीयांश कॅथलिक होते. पहिल्यांचा ओढा ब्रिटनकडे, दुसऱ्यांचा एकसंध आयर्लंडकडे. त्यामुळें निवडणूक ही धोरणांची न राहतां शिरगणतीची झाली, आणि १९२१ पासून १९७२ पर्यंत एकच युनियनिस्ट पक्ष अखंड सत्तेवर राहिला.

या पक्षाच्या कारभाराविरुद्ध कॅथलिकांना तक्रार करावयाची असेल तर ती लंडनच्या पार्लमेंटांत मांडतां येईल काय? कायद्यानें वरिष्ठ सत्ता त्या पार्लमेंटचीच होती. परंतु १९२३ सालीं कॉमन्स सभेच्या अध्यक्षांनीं निर्णय दिला कीं, जे विषय उत्तर आयर्लंडच्या सरकाराकडे सोपविले आहेत त्यांसंबंधीचे प्रश्न तेथील मंत्र्यांनाच विचारले पाहिजेत, या सभेंत नव्हेत. वरवर पाहतां या निर्णयांत गैर कांहींच नाहीं. खातें सोपविलें कीं जबाबदारीहि सोपविली. लंडनच्या मंत्र्यानें ज्यावर आपला अंमल नाहीं त्याचें उत्तर कसें द्यावें? पण या तर्कशुद्ध निर्णयाचा परिणाम असा झाला कीं, पुढें चाळीसांहून अधिक वर्षें बेलफास्ट किंवा डेरी येथील घरांचा, नोकऱ्यांचा वा मतदारसंघांचा प्रश्न लंडनमध्यें निघाला कीं अध्यक्ष तो नियमबाह्य ठरवीत. वरिष्ठ सत्ता होती. तिनें आपले कान मात्र स्वतःच झांकून घेतले होते.

मग उरलें स्टॉरमॉण्टचें सभागृह. तेथें प्रश्न विचारतां येत होते आणि विचारलेहि जात. परंतु जें सरकार कधींच पडणार नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे, त्याला प्रश्नाचें भय वाटत नाहीं. शिवाय घरांचें वाटप स्थानिक मंडळांच्या अधिकारांतलें. अशा रीतीनें लंडननें बेलफास्टकडे बोट दाखवावें आणि बेलफास्टनें गांवच्या मंडळाकडे, असा क्रम होता. आणि गांवच्या मंडळांत ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच न्यायाधीश.

घराला तेथें इतकें महत्त्व कां होतें हें समजून घेतलें पाहिजे. स्थानिक निवडणुकींत मत देण्याचा हक्क सर्व प्रौढांना नव्हता. तो घर ज्याच्या नांवावर आहे त्याला आणि त्याच्या पत्नीला होता. आईबापांच्या घरीं राहणारीं मोठीं मुलें, बिऱ्हाडकरू व पोटभाडेकरू यांना मत नसे. उलट व्यापारी कंपन्यांना एकाहून अधिक मतें मिळत. म्हणजे मंडळानें एखाद्या कुटुंबाला घर दिलें कीं त्याला छपराबरोबर मतहि दिलें जाई. डेरी शहरांत कॅथलिकांची बहुसंख्या होती, तरी प्रभागांच्या सीमा अशा आंखलेल्या होत्या कीं नगरमंडळांत बहुमत युनियनिस्टांचेंच राही. एका घराचा अर्ज नामंजूर होणें ही तेथें केवळ गैरसोय नव्हती. तो राजकारणाचा गाभा होता.

टायरोन परगण्यांत कॅलेडन नांवाचें लहानसें खेडें आहे. १९६८ सालीं तेथें डंगॅननच्या ग्रामीण मंडळानें बांधलेल्या नव्या घरांपैकीं एक घर एकोणीस वर्षांच्या, अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला देण्यांत आलें. ती स्थानिक युनियनिस्ट राजकारणाशीं संबंध असलेल्या एका वकिलाकडे चिटणीस म्हणून काम करीत होती. मुलांबाळांचीं कॅथलिक कुटुंबें त्या भागांत घरासाठीं वाट पाहत होतीं. शेजारच्याच घरांत ताबा घेऊन राहिलेल्या अशा एका कुटुंबाला थोड्याच दिवसांपूर्वीं बाहेर काढण्यांत आलें होतें. ऑस्टिन करी हे पूर्व टायरोनचे स्टॉरमॉण्टमधील सभासद; वय अवघें अठ्ठावीस. त्यांनीं हें प्रकरण प्रथम मंडळाकडे नेलें. तेथें कांहीं झालें नाहीं. मग १९ जून १९६८ रोजीं त्यांनीं तें स्टॉरमॉण्टच्या सभागृहांत काढलें. समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. वाद वाढला आणि करी यांनाच सभागृहाबाहेर जावें लागलें. दुसऱ्या दिवशीं ते कॅलेडनला गेले आणि दोन साथीदारांसह त्या घरांत शिरून बसले. कांहीं तासांनीं पोलिसांनीं त्यांना बाहेर काढलें.

कायदेमंडळाच्या सभासदानें कायदा मोडावा हें योग्य कीं अयोग्य, यावर तेव्हांहि मतभेद होता आणि आजहि होईल. परंतु त्या कृत्याचा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. आधीं अर्ज, मग मंडळ, मग विधिमंडळांतील प्रश्न, आणि सर्व दारें बंद झाल्यावर तें घर. जें उत्तर सभागृहांत मिळूं शकत होतें तें रस्त्यावर मागण्यांत आलें. २४ ऑगस्टला कोलआयलंडपासून डंगॅननपर्यंत नागरी हक्कांसाठीं पहिला मोर्चा निघाला. ५ ऑक्टोबरला डेरी येथें बंदी मोडून दुसरा निघाला; त्यावर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. जखमी झालेल्यांत जेरी फिट होते. ते लंडनच्या पार्लमेंटचेहि सभासद होते, आणि त्यांच्याबरोबर पाहणीसाठीं आलेले कांहीं ब्रिटिश सभासद तेथें हजर होते. हा प्रकार चित्रवाणीवरून घरोघर दिसला. पंचेचाळीस वर्षें जो विषय लंडनमध्यें नियमबाह्य होता तो आतां कोणत्याहि नियमानें थोपवितां येईना.

त्याच वर्षीं २२ नोव्हेंबरला तेथील पंतप्रधान टेरेन्स ओनील यांनीं सुधारणा जाहीर केल्या. त्यांतली पहिली म्हणजे घरांचें वाटप गरजेनुसार गुण देऊन करावयाचें. १९६९ सालीं स्थानिक निवडणुकींत प्रौढ मताधिकार मान्य झाला, आणि १९७१ सालीं घरांचें काम मंडळांकडून काढून एका स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे सोपविण्यांत आलें. म्हणजे ज्या मागणीला उत्तर नव्हतें ती मागणी तीन वर्षांत कायदा झाली. परंतु वेळ निघून गेली होती. शहरें पेटलीं, सैन्य आलें, मार्च १९७२ मध्यें स्टॉरमॉण्टचें पार्लमेंटच स्थगित झालें, आणि पुढच्या तीस वर्षांच्या हिंसेंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं. या हिंसेचीं कारणें अनेक होतीं आणि तीं शतकांइतकीं जुनीं होतीं. सगळा दोष एका प्रश्नाच्या अनुत्तरित राहण्यावर टाकणें अन्यायाचें होईल. पण वेळेवर विचारलेल्या आणि प्रामाणिकपणें उत्तर दिलेल्या प्रश्नानें त्यांतली एक तरी ठिणगी विझली असती, असें म्हणावयास जागा आहे.

महाराष्ट्राला या कथेंतील एक धागा ओळखीचा वाटेल. मुंबईच्या कौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले यांनीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. परंतु कागदावर खुलें झालेलें तळें प्रत्यक्षांत बंदच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हजारों लोकांसह त्या तळ्यावर चालत जावें लागलें. सभागृहांतील शब्द आणि गांवांतील व्यवहार यांत अंतर पडलें कीं तें अंतर लोक पायांनीं ओलांडतात.

उत्तर आयर्लंडांत १० एप्रिल १९९८ रोजीं तडजोडीचा करार झाला. त्याच वर्षीं २२ मे रोजीं मतदारांनीं त्याला शेंकडा ७१ हून अधिक मतांनीं मान्यता दिली, आणि २ डिसेंबर १९९९ रोजीं सत्ता पुन्हां बेलफास्टकडे आली. नवें विधिमंडळ त्याच स्टॉरमॉण्टच्या इमारतींत भरूं लागलें. पण त्याची घडण वेगळी होती. निवडणूक संक्रमणीय मतानें. दोन्ही समाजांचे मोठे पक्ष मंत्रिमंडळांत एकत्र. प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री या दोघांचे अधिकार समान, आणि एकानें पद सोडलें कीं दुसऱ्याचेंहि पद जातें.

प्रश्नांची व्यवस्थाहि नीट आंखण्यांत आली. अधिवेशनाच्या काळांत सोमवारीं व मंगळवारीं दुपारीं दोन वाजतां प्रश्नांना सुरुवात होते. खातीं आळीपाळीनें येतात, आणि प्रत्येक मंत्र्याच्या वांट्याला पाऊण तास येतो. त्यांतला पहिला अर्धा तास आधीं कळविलेल्या प्रश्नांसाठीं. शेवटचीं पंधरा मिनिटें अशा विषयांसाठीं कीं ज्यांची मंत्र्याला पूर्वसूचना नसते. प्रश्न कोणी विचारावयाचे हें सोडतीनें ठरतें, त्यामुळें पक्षाच्या पुढाऱ्यांची मर्जी राखण्याचें कारण उरत नाहीं. लेखी प्रश्नांना कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यावयाचें असतें. दवाखान्यांतील प्रतीक्षायाद्या, शाळांच्या इमारती, ग्रामीण रस्त्यांवरील खड्डे, सांडपाण्याच्या नळांची अपुरी सोय, असे हे विषय. दिसावयास किरकोळ, पण ज्याच्या घरीं शस्त्रक्रियेची वाट पाहणारा रोगी आहे त्याला याहून मोठें राजकारण नसतें.

तथापि या व्यवस्थेंत एक उणीव होती. सगळेच मोठे पक्ष सरकारांत बसले तर जोरानें प्रश्न कोणी विचारावयाचा? प्रत्येक खात्यावर देखरेख करणाऱ्या समितीचा अध्यक्ष मंत्र्याच्या पक्षाहून वेगळ्या पक्षाचा असावा, अशी तोड काढण्यांत आली होती; आणि २०१६ सालीं अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद कायद्यानें झाली. पण तोंपर्यंत एक महागडा धडा मिळून चुकला होता.

२०१२ सालीं तेथें एक योजना निघाली. तेल जाळण्याऐवजीं लांकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणारे बॉयलर व्यवसायिकांनीं बसवावेत आणि निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणांत वीस वर्षें सरकारी अनुदान घ्यावें. महाराष्ट्रांतील घरचा पाण्याचा बंब अनेकांना ठाऊक असेल. त्याचाच हा मोठा भाऊ. हेतु चांगला होता. पण अनुदानाचा दर इंधनाच्या खर्चाहून अधिक ठेवला गेला. म्हणजे जितकें जाळावें तितका नफा! ब्रिटनमधील तशाच योजनेंत ठराविक तासांनंतर दर खालीं येई; उत्तर आयर्लंडच्या नियमांतून तेवढाच टप्पा गळला. ते नियम समितीपुढें आले, विधिमंडळानें मंजूर केले, आणि हा साधा हिशेब कोणीहि मागितला नाहीं. तत्कालीन उद्योगमंत्री आर्लीन फॉस्टर यांनीं पुढें चौकशींत कबूल केलें कीं ते नियम आपण स्वतः वाचले नव्हते. २०१३ सालीं एका व्यावसायिक स्त्रीनें या योजनेमुळें उष्णता वाया घालविण्यास उत्तेजन मिळतें असें खात्याला कळविलें. तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाहीं. योजना बंद झाली ती फेब्रुवारी १९१६ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे फेब्रुवारी २०१६ मध्यें. वीस वर्षांतील जादा खर्चाचा अंदाज पुढें ४९ कोटी पौंडांपर्यंत गेला.

मार्च २०२० मध्यें चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, या गोंधळाचें मूळ लांचलुचपतींत नव्हतें. तें अज्ञानांत, ढिलाईंत आणि एकानें दुसऱ्यावर विसंबण्यांत होतें. त्या चौकशींत आणखी एक गोष्ट उघड झाली: कांहीं बैठकींचीं टिपणेंच ठेवलीं जात नसत, कारण लेखी कांहीं नसलेलें बरें, अशी संवय अधिकाऱ्यांत पडली होती. ही गोष्ट रकमेहूनहि गंभीर आहे. मंत्र्याचें उत्तर दप्तरांतून येतें. दप्तरच कोरें असेल तर सर्वांत नेटका प्रश्नहि निष्फळ ठरतो.

या प्रकरणावरून जानेवारी २०१७ मध्यें उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनिस यांनीं राजीनामा दिला, आणि सरकार कोसळलें. त्यानंतर तीन वर्षें मंत्रीच नव्हते. लंडननेंहि खात्यांचा कारभार आपल्या हातीं घेतला नाहीं. सनदी अधिकारी दैनंदिन काम रेटीत राहिले. त्यांपैकीं एका खात्याच्या मुख्य चिटणीसांनीं बेलफास्टजवळ कचरा जाळण्याच्या कारखान्याला मंजुरी दिली, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें. आणि २०१८ सालीं उच्च न्यायालयानें व त्यामागोमाग अपील न्यायालयानें सांगितलें कीं असा निर्णय मंत्र्याशिवाय घेतां येणार नाहीं. न्यायालयाच्या या निर्णयामागचें तत्त्व साधें आहे. अधिकारी कितीहि कुशल असला तरी सभागृहांत उभा राहून त्याला कोणी जाब विचारूं शकत नाहीं. आणि ज्याला जाब विचारतां येत नाहीं त्यानें लोकांच्या वतीनें मोठे निर्णय घेऊं नयेत. फेब्रुवारी २०२२ पासून पुन्हां दोन वर्षें मंत्रिमंडळ नव्हतें. या काळांत रुग्णांच्या प्रतीक्षायाद्या वाढतच होत्या, आणि १९२३ सालची जुनी अवस्था नव्या वेषांत परत आली. बेलफास्टमध्यें उत्तर देणारा नाहीं. लंडनमध्यें विचारलें तर तो विषय सोपविलेला!

३ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकार पुन्हां स्थापन झालें. राष्ट्रवादी पक्षाच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री झाल्या. ज्या प्रांताची आंखणीच युनियनिस्ट बहुमतासाठीं झाली होती तेथें ही पहिलीच वेळ. एक पक्ष सरकाराबाहेर राहून अधिकृत विरोधी पक्ष म्हणून बसला. आणि कांहीं दिवसांतच सभागृहांत ठरलेल्या वेळीं ठरलेले प्रश्न सुरू झाले: अमुक रुग्णालयांतील विभाग चालू राहणार काय, अमुक शाळेची इमारत केव्हां होणार, नवीं घरें किती बांधलीं जाणार. त्यांतला एकहि प्रश्न इतिहासांत नोंदला जाईल असें नाहीं. पण कॅलेडनच्या त्या घराची आठवण ज्यांना आहे त्यांना या रुक्ष प्रश्नोत्तरांची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. मंत्री उठतो, कागद चाळतो, उत्तर देतो. सभासदाचें समाधान होत नाहीं, तो पुरवणी प्रश्न विचारतो. हा कंटाळवाणा वाटणारा क्रम चालू आहे तोंवर गाऱ्हाणें सभागृहांत आहे. तो बंद पडला म्हणजे तें कोठें जाईल हें कोणीहि आधीं सांगूं शकत नाहीं.